समासातला च

मोरकम. नावात मोर आहे,
पण किनाऱ्यावर नुसते सीगल, तेही भांडखोर.
ओहोटीला समुद्र इतका मागे जातो
की वाटतं, रुसला; आता काही येत नाही.
या गावातल्या वृद्धाश्रमाच्या निळ्या वहीत
रोज रात्री मी इंग्रजी लिहिते.

पहिल्याच आठवड्यात लिहिलं,
मिस्टर एंटविसल एट हार्डली.
म्हणायचं होतं, दणकून जेवले,
बटाट्याचा लगदा दोनदा मागून घेतला.
सकाळी डॉक्टर हजर. वजनकाटा आला,
औषध बदलायची भाषा सुरू झाली,
आणि एंटविसल तिसऱ्या टोस्टला लोणी फासत विचारतात,
कोण आजारी आहे?

मिसेस हेस्केथनी ऑफिसात बसवलं.
हार्ड म्हणजे जोर लावून.
हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच.
मी म्हटलं, पण शेपूट लावायचं ना?
स्लो, स्लोली. क्विक, क्विकली.
बार्शीच्या शाळेत असंच घोकलं होतं,
ली चिकटवा, क्रियाविशेषण तयार.
त्या म्हणाल्या, काही शब्द शेपूट लावलं की
तोंड फिरवून बसतात.

तरी नाताळच्या आधी लिहून गेले,
यांची लेट मुलगी भेटायला आली.
उशिरा आली होती बिचारी, हायवेला ट्रॅफिक.
हेस्केथबाई हसून हसून खुर्चीत टेकल्या:
अगं, तू तिला कैलासवासी केलंस!
घाईघाईनं लेटली केलं. तेही नाही.

घाईघाईनं.
आमची अशी जोडीनं चालतात,
हळूहळू, भराभर, लुटुलुटु,
जिन्यावर एकमेकांना धरून उतरल्यासारखी.
इथे प्रत्येक शब्द एकेकटा येतो
आणि दारात ओळखपत्र दाखवतो.

मार्चमधली रात्र. पावणेतीन.
एंटविसल खिडकीशी. पायजम्यावर जुना दर्यावर्दी स्वेटर.
पन्नास वर्षं ज्या चिखलात ट्रॅक्टर घालून कोळंबी ओढली
तो चिखल चांदण्यात बघत.
शेजारी दुसरी खुर्ची, त्यांनीच ओढून ठेवलेली.
मी लिहिलं, ही सॅट लोनली.

सकाळी लाल शाई. लोनलीवर काट, वर अलोन.
ली बघून फसू नकोस, ते क्रियाविशेषण नाही.
आणि आपण दिसतं ते लिहायचं.
अलोन दिसतं. लोनली आपण ठरवतो.
बरोबर होतं त्यांचं.
मी मान हलवली, चहा घेतला, बसनं घरी आले,
आणि झोप लागेना.

एकटा आणि एकाकी, एवढा फरक मलाही कळतो.
पण बाबा गेल्यावर गॅसवाल्यानं आईला विचारलं होतं,
सिलिंडर लवकर संपत नाही तुमचा, घरी कोण कोण?
मी एकटीच, ती म्हणाली.
एकटी म्हणाली असती
तर ते नुसतं उत्तर झालं असतं.

आता मी अलोन लिहिते. हेस्केथबाई खूश.
फक्त समासात, पेन्सिलीनं,
मुंगीएवढा एक च काढते.
त्यांनी विचारलं, हे काय, टिकमार्क?
मी म्हटलं, सही.

परवा रजेवरून आले, मागची पानं चाळली.
लिगायाची रात्रपाळी. तिचं गोल गोल अक्षर,
ही सॅट अलोन,
आणि समासात, पेन्सिलीनं, च.
उलटा. गाठ भलतीकडे, पाय लटकत.
तिला विचारलं, माहितेय हे काय आहे?
ती मोजे घड्या घालत होती.
नाही, म्हणाली. पण तू कधी काढतेस ते बघितलंय.

मी खोडला नाही.
डोक्यावरची रेघ तेवढी राहिली होती,
ती दिली.